एरिक लिडेल यांचे दोन रविवार

धर्मगुरूंच्या बैठकींत अलीकडे एक प्रश्न पुनःपुन्हा निघतो. रविवारी सकाळी क्रिकेटचे किंवा फुटबॉलचे सामने असतात, धर्मग्रामातील चांगली मुले संघात असतात, आणि सामन्याची व मिस्साची वेळ नेमकी एकच येते. एक पक्ष म्हणतो, मुलांना ठामपणे अडवावे; आज सामन्यासाठी मिस्सा सोडणारा उद्या सर्वच सोडील. दुसरा पक्ष म्हणतो, शनिवारी सायंकाळी मिस्सा असतो, तेथे त्यांनी यावे. उगीच कडकपणा दाखवून तरुणांना दूर लोटू नये. ज्या मुलाला खेळाच्या आधारे रेल्वेत, पोलीस दलात किंवा बँकेत नोकरी मिळण्याची आशा आहे, त्याच्या बाबतीत तर हा प्रश्न केवळ हौसेचा उरत नाही. तो पोटाचा होतो.

अशा चर्चेत कोणीतरी एरिक लिडेल यांचे नाव घेतेच. रविवारी धावण्यास नकार देणारा ऑलिम्पिक विजेता म्हणून ते सर्वांना ठाऊक आहेत, आणि बहुधा पहिल्या पक्षाचे साक्षीदार म्हणून त्यांना उभे केले जाते. आमच्या मते ही साक्ष अर्धीच आहे. लिडेल यांच्या आयुष्यात दोन रविवार आहेत. पहिला जगाला माहीत आहे. दुसरा फारसा कोणी सांगत नाही. दोन्ही एकत्र ठेवल्याशिवाय श्रद्धेने या खेळाडूचे जीवन कसे घडविले हे कळणार नाही, असे आम्हांस वाटते. प्रस्तुत लेखाचा हेतू तेवढाच आहे.

१. मैदान आणि ख्रिस्तसभा

खेळ आणि श्रद्धा यांचे नाते आरंभापासून सरळ नव्हते. करिंथ नगराजवळ दर दोन वर्षांनी इस्थमियन सामने भरत आणि विजेत्याच्या मस्तकी पाइनच्या किंवा रानटी अजमोद्याच्या पानांचा मुकुट घालीत. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या नवव्या अध्यायात पौलाने हेच चित्र घेतले आहे. धावणारे सर्वच धावतात, परंतु बक्षीस एकालाच मिळते. त्या कोमेजणाऱ्या मुकुटासाठी खेळाडू सर्व बाबतींत संयम पाळतो, तर न कोमेजणाऱ्या मुकुटासाठी आपण काय करावे, असा त्याचा रोख आहे. पौलाने खेळाचा निषेध केला नाही. खेळाडूची तपश्चर्या त्याने धडा म्हणून वापरली. उलट दुसऱ्या शतकाच्या अखेरीस व तिसऱ्याच्या आरंभी लिहिणारा कार्थेजचा तर्तुलियन याने रोमन रंगणातील तमाशांवर कडाडून टीका करणारा स्वतंत्र ग्रंथच रचला. तेथील रक्तपात आणि मूर्तिपूजा पाहता ती टीका अनाठायी नव्हती. तेव्हापासून ख्रिस्ती मनात खेळाविषयी आदर आणि संशय दोन्ही नांदत आले आहेत.

रविवारचा प्रश्न मात्र पुढच्या काळातला, आणि विशेषतः ब्रिटनमधला. १६१८ साली राजा पहिला जेम्स याने उपासनेनंतर रविवारी काही खेळ खेळण्यास प्रजेला मुभा देणारा जाहीरनामा काढला. प्युरिटन पंथीयांना तो असह्य झाला. त्याच शतकाच्या मध्यास वेस्टमिन्स्टर येथे तयार झालेल्या विश्वासपत्रिकेने प्रभूच्या दिवशी ऐहिक कामेच नव्हे, तर ऐहिक करमणूकही वर्ज्य ठरविली. स्कॉटलंडच्या मंडळ्यांनी ती शिकवण मनापासून स्वीकारली आणि घराघरांत रुजविली. आपल्या कॅथलिक परंपरेत रविवारची दृष्टी थोडी निराळी आहे. १९८३ च्या धर्मसंहितेतील १२४७ वे कलम मिस्साला हजर राहण्याचे बंधन सांगते. त्याचबरोबर देवाची उपासना, प्रभूच्या दिवसाचा आनंद आणि मनाची व शरीराची योग्य विश्रांती यांना अडथळा आणणारी कामे टाळण्यास सांगते. म्हणजे खेळ हा आमच्या दृष्टीने स्वतः रविवारचा शत्रू नव्हे. लिडेल यांचा विचार करताना हा फरक ध्यानी ठेवावा. त्यांचा नियम जसाच्या तसा उचलून आपल्या मुलांवर लादणे बरोबर नाही. परंतु नियम आपला नाही म्हणून त्यामागची निष्ठा हसण्यावारी नेणे त्याहून वाईट.

२. पहिला रविवार

एरिक लिडेल यांचा जन्म १६ जानेवारी १९०२ रोजी चीनमधील त्येनत्सिन येथे झाला. आईवडील लंडन मिशनरी सोसायटीचे स्कॉटिश मिशनरी होते. मिशनऱ्यांच्या मुलांसाठी इंग्लंडमध्ये चालविलेल्या शाळेत थोरल्या भावासह त्यांचे शिक्षण झाले. पुढे एडिनबरो विद्यापीठात त्यांनी विज्ञान घेतले. तेथे ते धावपटू म्हणून पुढे आले, आणि १९२२ व १९२३ मध्ये स्कॉटलंडच्या राष्ट्रीय रग्बी संघातून सात सामने खेळले. १९२३ च्या जुलैत त्यांनी १०० यार्डांची शर्यत ९.७ सेकंदांत जिंकली. हा ब्रिटिश विक्रम पुढे अनेक वर्षे टिकला.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये आणखी एक गोष्ट घडली. आर्माडेल या खाणकामगारांच्या गावी एका सभेत आपल्या श्रद्धेविषयी बोलण्याची विनंती त्यांना झाली. लिडेल स्वभावाने लाजाळू. वक्तृत्व त्यांच्यापाशी नव्हते. तरी ते गेले आणि साध्या शब्दांत बोलले. त्यानंतर सुवार्तेच्या सभांमधून त्यांची हजेरी वाढत गेली. लोक धावपटूला पाहायला येत आणि साक्ष ऐकून जात.

१९२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकचे वेळापत्रक प्रसिद्ध झाले, तेव्हा १०० मीटर शर्यतीच्या प्राथमिक फेऱ्या रविवार, ६ जुलै रोजी ठेवल्याचे दिसले. हीच त्यांची खास शर्यत. रिले शर्यतींचेही दिवस रविवारशी जोडलेले होते. लिडेल यांनी या शर्यतींतून माघार घेतली. ‘चॅरियट्स ऑफ फायर’ या १९८१ च्या चित्रपटात ही बातमी त्यांना पॅरिसला निघालेल्या बोटीवर चढताना कळते, असे दाखविले आहे. ते नाट्यासाठी केलेले आहे. प्रत्यक्षात त्यांना ती कित्येक महिने आधी कळली होती. आमच्या दृष्टीने हा तपशील महत्त्वाचा आहे. भावनेच्या भरात बोटीच्या जिन्यावर घेतलेला निर्णय एक. महिनोन्‌महिने टीका व आग्रह सोसत, सराव चालू ठेवून, शांतपणे पाळलेला निर्णय दुसरा. मोह एकदा टाळणे सोपे असते; तो रोज सकाळी नव्याने पुढे येतो तेव्हा कसोटी लागते.

या अवधीत त्यांनी ४०० मीटरच्या शर्यतीकडे लक्ष वळविले. पॅरिसला १०० मीटरची शर्यत हॅरोल्ड अब्राहम्स या ज्यू धावपटूने जिंकली. लिडेल यांना २०० मीटरमध्ये कांस्यपदक मिळाले, आणि ११ जुलै रोजी ४०० मीटरची अंतिम फेरी त्यांनी ४७.६ सेकंदांत, नव्या ऑलिम्पिक विक्रमासह जिंकली. पॅरिसच्या त्या मुक्कामात त्यांनी तेथील स्कॉटिश चर्चमध्ये प्रवचनही केले.

येथे प्रवचनकाराला एक मोह होतो. लिडेल यांनी देवाचा मान राखला, म्हणून देवाने त्यांना सुवर्णपदक दिले, असे म्हणण्याचा तो मोह. आम्हीही तरुणपणी अशी प्रवचने केली आहेत, आणि त्याचा आज खेद वाटतो. कारण ऐकणाऱ्या मुलाच्या मनात लगेच हिशेब उभा राहतो: मी मिस्साला गेलो, तर मीही जिंकेन. तो हरला म्हणजे काय समजायचे? रविवारी धावलेल्या अब्राहम्स यांनाही सुवर्णपदक मिळालेच. देव पदके वाटत नाही. लिडेल ४०० मीटरमध्ये शेवटचे आले असते, तरी त्यांचा ६ जुलैचा रविवार तेवढाच खरा राहिला असता.

३. धाव सोडणे, धाव घेणे

१९२५ मध्ये, कीर्तीच्या शिखरावर असताना, लिडेल चीनला परतले. असा मार्ग त्यांच्याआधी दुसऱ्या एका खेळाडूने चोखाळला होता. इंग्लंडचा क्रिकेटपटू सी. टी. स्टड १८८२ मध्ये ओव्हल मैदानावर ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या प्रसिद्ध कसोटीत खेळला, आणि १८८५ मध्ये ‘केंब्रिजचे सात’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या तरुणांसह मिशनरी होऊन चीनला गेला. वडिलोपार्जित संपत्ती त्याने दान केली. १९०० ते १९०६ ही वर्षे त्याने आपल्या देशात उटकमंड येथे सेवेत घालविली, आणि शेवटी आफ्रिकेत काँगोमध्ये १९३१ साली देह ठेवला. स्टडच्या चरित्रात त्यागाचा झगझगीत प्रकाश आहे. लिडेल यांचा मार्ग अधिक सौम्य होता. त्यांनी खेळ तुच्छ मानला नाही. त्येनत्सिनच्या अँग्लो-चायनीज कॉलेजात ते विज्ञान शिकवीत आणि मुलांचे खेळही घेत.

१९३२ मध्ये त्यांना धर्मसेवेची दीक्षा मिळाली. १९३४ मध्ये फ्लॉरेन्स मॅकेन्झी यांच्याशी त्यांचा विवाह झाला. १९३७ मध्ये, चीन-जपान युद्ध पेटले असता, कॉलेजातील सुरक्षित जागा सोडून ते श्याओचांगच्या ग्रामीण भागात कामाला गेले. त्यांचे भाऊ तेथील मिशन रुग्णालयात डॉक्टर होते. परिस्थिती बिकट होत गेली तेव्हा, १९४१ मध्ये, त्यांनी गरोदर पत्नीला व दोन मुलींना कॅनडाला पाठविले आणि स्वतः मागे राहिले. तिसरी मुलगी कॅनडात जन्मली. तिला त्यांनी कधी पाहिले नाही.

४. दुसरा रविवार

१९४३ च्या मार्चमध्ये जपानी अधिकाऱ्यांनी लिडेल यांना शान्तुंग प्रांतातील वेइशिएन येथील नजरकैदेच्या छावणीत नेले. ही पूर्वी अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनची वास्तू होती. तिच्या भिंतींच्या आत दीड हजारांच्या आसपास परदेशी माणसे कोंडली होती: व्यापारी, मिशनरी, कॅथलिक धर्मगुरू व भगिनी, आणि चीफू येथील मिशनरी शाळेची मुलेमुली. या मुलांचे आईवडील दूर होते. कित्येकांची वर्षानुवर्षे भेट नव्हती. जागा अपुरी, अन्न अपुरे, आणि स्वार्थ मात्र भरपूर. या छावणीत राहिलेले लँग्डन गिल्की पुढे नामांकित ईश्वरविज्ञानवेत्ते झाले. १९६६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘शान्तुंग कंपाउंड’ या पुस्तकात सुसंस्कृत माणसेही काही फूट जागेसाठी कशी कठोर होतात हे त्यांनी निर्दयपणे दाखविले. मिशनऱ्यांनाही त्यांनी सोडले नाही. तरीही बदललेल्या नावाने लिडेल यांचे चित्र काढताना त्यांची लेखणी नरम झाली आहे. संत म्हणावा असा माणूस विरळा भेटतो आणि तो आपल्याला तेथे भेटला, असा त्यांचा भाव आहे.

लिडेल मुलांना विज्ञान शिकवीत, बायबलचे वर्ग घेत, म्हाताऱ्यांची ओझी वाहत, मोडलेल्या हॉकी स्टिक दुरुस्त करीत आणि सामने भरवीत. मुले त्यांना ‘अंकल एरिक’ म्हणत. परंतु रविवारी ते खेळ घेत नसत. पॅरिसमध्ये पाळलेला नियम वेइशिएनमध्येही चालू होता.

कोंडलेल्या मुलांना रविवारचा रिकामा दिवस जड जाई. एका रविवारी त्यांनी स्वतःच हॉकीचा सामना ठरविला. लिडेल यांनी पंचाचे काम केले नाही. पंच नसलेला तो सामना भांडणात आणि मारामारीत संपला. पुढच्या रविवारी मुले पुन्हा मैदानावर आली, तेव्हा पंच म्हणून लिडेल उभे होते.

घटना एवढीच. छावणीत राहिलेल्यांनी ती सांगितली म्हणून आपणांस कळली. लिडेल यांनी तिच्यावर प्रवचन केले नाही. ज्या नियमासाठी त्यांनी साऱ्या जगासमोर सर्वांत मोठे बक्षीस सोडले होते, तोच नियम त्यांनी काही बेवारशी झालेल्या मुलांसाठी, कोणी पाहत नसता, बाजूला ठेवला.

कोणी म्हणेल, मग पॅरिसचा आग्रह चुकीचा होता. वयाबरोबर त्यांना शहाणपण आले. आम्हांस तसे वाटत नाही. पॅरिसला रविवारी धावण्याने लाभ त्यांचा स्वतःचा होता; छावणीत रविवारी पंच होण्याने लाभ मुलांचा होता. पॅरिसला त्यांनी स्वतःला नाकारले. वेइशिएनला त्यांनी स्वतःची प्रतिष्ठित प्रतिमा नाकारली. दुसरा नकार कदाचित अधिक कठीण असावा. नियमाचा अभिमान हा पदकाच्या अभिमानासारखाच माणसाला चिकटतो. मार्काच्या शुभवर्तमानातील दुसऱ्या अध्यायात प्रभू येशू शब्बाथ माणसासाठी आहे असे सांगतो, तेव्हा तो शब्बाथ मोडीत काढीत नाही. तो कोणासाठी दिलेला आहे हे दाखवितो. रविवार स्वतःसाठी वाकविणे निराळे आणि दुसऱ्यासाठी उघडणे निराळे. ज्याने पहिली गोष्ट कटाक्षाने टाळली, त्यालाच दुसरी निर्मळ हाताने करता आली.

छावणीतील एका मुलाला लिडेल यांनी आपले झिजलेले धावण्याचे बूट दिले, आणि शत्रूसाठी, म्हणजे पहारा करणाऱ्या जपान्यांसाठी, प्रार्थना करायला शिकविले. तो मुलगा पुढे मिशनरी होऊन जपानलाच गेला. २१ फेब्रुवारी १९४५ रोजी मेंदूतील गाठीने लिडेल यांचे छावणीतच निधन झाले. वय ४३ वर्षे. छावणीची सुटका त्याच वर्षी ऑगस्टमध्ये झाली.

५. व्यावसायिक खेळाडूची कसोटी

येथे आक्षेप येईल की लिडेल व्यावसायिक खेळाडू नव्हते. त्या काळचे ऑलिम्पिक हौशी खेळाडूंपुरतेच होते. शर्यत सोडल्याने त्यांची चूल बंद पडणार नव्हती. आक्षेप रास्त आहे. म्हणून नंतरच्या काळातील दोन उदाहरणे पाहू.

न्यूझीलंडचे रग्बीपटू मायकेल जोन्स हौशी आणि व्यावसायिक अशा दोन्ही काळांत खेळले. ते रविवारी खेळत नसत. १९९१ च्या विश्वचषकात ऑस्ट्रेलियाविरुद्धचा उपांत्य सामना रविवारी आला. जोन्स संघाबाहेर राहिले आणि न्यूझीलंड हरले. १९९५ च्या विश्वचषकात तर महत्त्वाचे सामने रविवारी येणार म्हणून त्यांची निवडच झाली नाही. देवाने पदक दिले, असा शेवट या कथेला नाही. जोन्स यांची श्रद्धा त्यामुळे खोटी ठरत नाही. उलट आमच्या तरुणांना सांगण्यास ही कथा अधिक उपयोगी आहे.

दुसरे उदाहरण तिहेरी उडीतील ब्रिटिश खेळाडू जोनाथन एडवर्ड्स यांचे. ते एका अँग्लिकन धर्मगुरूंचे पुत्र. रविवारी स्पर्धा आली म्हणून १९९१ ची टोकियोतील जागतिक स्पर्धा त्यांनी सोडली. पुढे विचारांती त्यांनी मत बदलले आणि १९९३ मध्ये स्टुटगार्टला कांस्यपदक मिळविले. १९९५ मध्ये गॉथेनबर्गला १८.२९ मीटरची उडी मारून त्यांनी जागतिक विक्रम केला. २००० साली सिडनीला सुवर्णपदक जिंकले. २००३ मध्ये ते निवृत्त झाले. २००७ मध्ये त्यांनी जाहीरपणे सांगितले की आपला देवावरील विश्वास आता उरलेला नाही. खेळत असताना श्रद्धा हा आपला मोठा मानसिक आधार होता, आणि खेळ थांबल्यावर पूर्वी कधी न विचारलेले प्रश्न आपण विचारू लागलो, असे त्यांनी प्रांजळपणे सांगितले.

या कबुलीवर निवाडा देण्याचा अधिकार आम्हांस नाही. रविवार सोडला म्हणून श्रद्धा गेली, असे सोपे गणित तर मुळीच मांडू नये. परंतु त्यांच्या शब्दांत आम्हां मेंढपाळांसाठी एक प्रश्न आहे. श्रद्धावंत खेळाडूला आम्ही व्यासपीठावर उभे करतो, त्याची साक्ष ऐकवतो, त्याच्या विजयाने आमचीही मान ताठ होते. तो निवृत्त होतो, त्याचा गुडघा दुखावतो, संघातून त्याचे नाव वगळले जाते, तेव्हा आम्ही कोठे असतो? ज्याच्या श्रद्धेचा आम्ही केवळ उपयोग केला, त्याच्या शंकांना आम्ही कधी वेळ दिला का?

६. आपल्या धर्मग्रामांसाठी

२९ ऑक्टोबर २००० रोजी, महाज्युबिली वर्षात, पोप दुसरे जॉन पॉल यांनी रोमच्या ऑलिम्पिक स्टेडियममध्ये खेळाडूंसह मिस्सा अर्पण केला. तो दिवस रविवारच होता. मैदान आणि वेदी एकमेकांची वैरी नाहीत, हे त्या प्रसंगाने दाखविले. आता हे आपापल्या गावी कसे दाखवावे, एवढाच प्रश्न उरतो.

आम्ही तीन गोष्टी सुचवितो. पहिली: रविवारच्या सामन्याविषयी मुलाशी बोलताना प्रथम परवानगीची किंवा बंदीची भाषा करू नये, हा सामना तू कोणासाठी खेळतोस, आणि प्रभूसाठी या आठवड्यात कोणती वेळ राखतोस, हे त्याला विचारावे. शनिवार सायंकाळचा मिस्सा ही पळवाट न होता भेट व्हावी, याची काळजी धर्मशिक्षकाने घ्यावी. गरज पडल्यास मिस्साची वेळ बदलण्याची तयारी धर्मगुरूनेही ठेवावी. दुसरी: विजयाला श्रद्धेचा पुरावा म्हणून वापरू नये. जिंकलेल्याचे अभिनंदन करावे. हरलेल्याच्या घरी जावे. तिसरी: खेळ थांबलेल्या तरुणाला विसरू नये. ज्याची नोकरीची आशा एका दुखापतीने संपली, त्याला आपला धर्म तेव्हाच कळतो.

ज्या बैठकींचा आम्ही आरंभी उल्लेख केला, तेथील दोन्ही पक्ष लिडेल यांच्याकडून काही शिकू शकतात. जे कडक आहेत त्यांनी वेइशिएनच्या मैदानाकडे पाहावे. जे सैल आहेत त्यांनी पॅरिसकडे पाहावे, आणि स्वतःला विचारावे की प्रभूच्या दिवसासाठी आपण आजवर कोणते सुवर्ण सोडले आहे. ज्याने काहीच सोडले नाही, त्याची सवलत ही दया नसते. ती केवळ सोय असते. लिडेल यांनी आधी सोडले, आणि नंतर वाकले. म्हणून दुसऱ्या रविवारी त्यांच्या हातातील शिट्टी ऐकून मुलांनी भांडण थांबविले असेल, तर त्यात आम्हांस नवल वाटत नाही.